सिंहगडावरचा मनोरा

पुण्याच्या कुठल्याही उंच गच्चीवरून नैर्ऋत्येला पाहावे. सिंहगड ओळखू येतो तो माथ्यावरच्या मनोऱ्यामुळे. १६७० च्या लढाईने आणि पुढे हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने हा गड मराठी मनात रुजवला. मनोऱ्याची दखल मात्र आमच्या वाङ्मयेतिहासांनी घेतलेली नाही. आम्हांला ती घ्यावीशी वाटते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये त्याचे कार्यक्रम सिंहगडावरून पुण्यासाठी सहक्षेपित होऊ लागले. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. आणि या दोन शहरांमध्ये तर सह्याद्रीच उभा. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा गड म्हणूनच सोयीचा ठरला. पूर्वी जिच्यामुळे मुलखावर नजर ठेवता येई, ती उंची आता मुलखाला काय दिसावे यासाठी कामी आली. घरोघरच्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पण मनोऱ्याला स्वतःचे बोलणे नव्हते. आपल्या मराठीला प्रमाण समजणाऱ्या (आणि तसे सांगण्यात कधी न संकोचणाऱ्या!) पुण्याला १९५३ पासून स्वतःचे आकाशवाणी केंद्र होते. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र त्याला मुंबईत घडलेली मराठी ऐकावी लागली. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांची भाषा पुस्तकीही नव्हती आणि निव्वळ घरगुतीही नव्हती. चिं. वि. जोशींचा चिमणराव त्याआधी कित्येक वर्षे ज्याच्या त्याच्या कल्पनेत वावरत होता. आता त्याला दिलीप प्रभावळकरांचा चेहरा मिळाला. ज्यांनी तो आधी पाहिला व मग पुस्तक उघडले, त्यांचे वाचन आमच्या आधीच्या पिढीच्या वाचनासारखे राहिले नाही. या फरकाचा अभ्यास व्हायला हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला. मनोरा तोच, रात्रीचा काही वेळ मात्र त्यातून दिल्ली बोलू लागली. मुंबईच्या वरचष्म्याबद्दल कुरकुरणाऱ्यांना आता मुंबईची मराठीही आपली वाटू लागली असावी.

पुढे उपग्रह वाहिन्या आल्या. देशातले बहुतेक ॲनलॉग भूप्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केले. गच्च्यांवरच्या अँटेना केबलवाल्यांनी त्याच्या कितीतरी आधीच निरुपयोगी करून टाकल्या होत्या.