श्वासावर तरंगणारी नाव

‘परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड घालणे’ हा वाक्प्रयोग आपल्या सभासंमेलनांत इतका रुळला आहे की, सांगड ही मुळात एक वस्तू होती याचे भान आता फारसे कोणाला उरलेले नाही. मोल्सवर्थच्या कोशात सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन होड्या, किंवा पोहताना आधार म्हणून जोडून घेतलेले दोन भोपळे, असा अर्थ दिलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भगवंत भक्तांना भवसागरातून पार नेतात, तेथे नावा आहेत, तराफा आहे आणि पोटाशी बांधायची पेटीही आहे. ही पेटी म्हणजे कपडे ठेवण्याची नव्हे. बुडू नये म्हणून पोटाला बांधायचा पोकळ आधार. माळव्यात, तेलंगणात किंवा बडोद्यास चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांनी हे शब्द जपले, पण त्यांच्यामागची नदी मात्र नकळत हातून सुटली.

अलीकडे आमच्या नातवंडांच्या पिढीत हवा भरून फुगवायच्या, पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या ‘कयाक’ नावाच्या अरुंद होड्यांचे आकर्षण वाढले आहे. ही परदेशी चैन आहे, असा अनेक ज्येष्ठांचा समज दिसतो. त्या होडीची वंशावळ तपासल्यास ती आपल्या सांगडीची आणि पखालीची दूरची नात निघते, असे आम्हांस वाटते. त्या वंशावळीचा हा धावता आढावा.

पोकळ वस्तू पाण्यावर तरते, कारण ती आपल्या वजनाहून अधिक वजनाचे पाणी बाजूला सारू शकते. हे तत्त्व शास्त्रज्ञांनी मांडण्यापूर्वी कित्येक शतके धनगर-गुराख्यांनी हेरले होते. याचा फार जुना आणि स्पष्ट पुरावा असीरियाचा राजा दुसरा अशूरनासिरपाल (इ. स. पू. ८८३ ते ८५९) याच्या निमरूद येथील राजवाड्यात सापडला. तेथील शिल्पपटांत माणसे फुगवलेल्या कातड्यांवर पालथी पडून नदी पार करताना दिसतात. काहींच्या तोंडात कातड्याची नळी आहे. हवा गळते आहे आणि माणूस पोहता पोहता फुंकून ती भरतो आहे! हे शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तैग्रिस नदीवर अशाच फुगवलेल्या कातड्यांवर लाकडी सांगाडा बांधून ‘केलेक’ नावाचे तराफे चालत. प्रवाहाबरोबर खाली बगदादपर्यंत जायचे, माल विकायचा, लाकूडही विकायचे आणि हवा काढलेली कातडी जनावरांवर लादून पायवाटेने परतायचे, असा तो व्यवहार होता. गंमत अशी की, लेयार्डने १८४७ मध्ये निमरूदचे प्रचंड दगडी वृषभ आणि सिंह नदीमार्गे रवाना केले, तेही अशा शेकडो फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरूनच. सुमारे सत्तावीसशे वर्षांनंतरही त्या नदीला त्याहून सोयीची नाव मिळालेली नव्हती.

ग्रीक इतिहासकार झेनोफोनने इ. स. पू. ४०१ मधील माघारीच्या वृत्तांतात एक मार्मिक हकीकत दिली आहे. तैग्रिसच्या काठी अडकलेल्या ग्रीक सैन्यापुढे ऱ्होड्स बेटाच्या एका सैनिकाने योजना मांडली. आसपासच्या मेंढ्या, शेळ्या, बैल व गाढवे यांची दोन हजार कातडी फुगवून जोडावीत, दगडांचे नांगर सोडावेत आणि त्यावर फांद्या व माती पसरून पूल करावा. एक टॅलंट मोबदलाही त्याने मागितला. सेनानायकांना कल्पना पसंत पडली. परंतु पलीकडच्या काठावर शत्रूचे घोडेस्वार उभे असल्याने ती अंमलात आली नाही. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या आम्हांस ही टिप्पणी फार ओळखीची वाटते: प्रस्ताव उत्तम, अंमलबजावणी अशक्य! पुढे इ. स. पू. ३२९ मध्ये अलेक्झांडरने ऑक्सस, म्हणजे अमूदर्या, ओलांडताना तंबूंच्या कातड्यांत गवत भरून ती शिवून घेतली आणि पाच दिवसांत सैन्य पलीकडे नेले.

आपल्या देशात ही विद्या उसनी आलेली नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात सैन्याने नदी उतरण्याच्या साधनांची यादी आहे. तीत हत्ती, पूल व नावा यांच्या जोडीने भोपळे, कातड्याने मढवलेल्या टोपल्या आणि ‘दृती’ म्हणजे चामड्याच्या पिशव्याही सांगितल्या आहेत. कातड्याने मढवलेली टोपली म्हणजेच तुंगभद्रेवरचा ‘हरिगोलु’ किंवा कृष्णाकाठची ‘पुट्टी’. बेळगाव व हैदराबादकडील वाचकांना तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. उत्तरेत सतलज आणि बियास या नद्यांवर जनावराचे अखंड कातडे फुगवून त्यावर पालथा पडलेला नावाडी उतारूला आपल्या पाठीवर घेऊन पार नेत असे. १८२० मध्ये विल्यम मूरक्रॉफ्टचा सुमारे तीनशे माणसांचा तांडा, घोडी व सामानसुमानासह, अशाच एकतीस नावाड्यांनी सुमारे दीड तासात सतलजेपार केला.

या साधनाने एकदा दिल्लीचे तख्तही वाचवले. १५३९ मध्ये चौसा येथे शेरखानाने हुमायूनचा पराभव केला, तेव्हा गंगेत घोडा हातचा गेलेल्या बादशहाला निजाम नावाच्या भिस्त्याने फुगवलेल्या मसकीच्या आधाराने काठाला लावले. बादशहाने त्याला अल्पकाळ तख्तावर बसवले. कोणी तो काळ काही घटकांचा सांगतात, कोणी दोन दिवसांचा. दरबारी मंडळींना ते रुचले नाही, हे सांगणे नलगे. आमच्या मते या प्रसंगाचे महत्त्व औदार्याच्या गोष्टीपुरते नाही. भिस्ती, पखालजी, नावाडी, कोळी यांचे नाव इतिहासात येते ते राजा बुडू लागला तेव्हाच. एरवी हजारो वर्षे ज्यांनी माणसे पार नेली, त्यांची नोंद कोणत्याही बखरीने घेतली नाही.

आमच्या माळव्याच्या इतिहासातही नदी उतरण्याच्या साधनाने युद्धाचे पारडे फिरवले आहे. १८०४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेपुढून कर्नल मॉन्सनची पलटण मुकुंदराच्या खिंडीतून आग्र्याकडे मागे हटत गेली. तिचा विध्वंस होळकरांच्या घोडदळाने केला तितकाच पावसाने फुगलेल्या नद्यांनी आणि होड्यांच्या अभावानेही केला. तोफा चिखलात सोडून द्याव्या लागल्या. ऑगस्टअखेर आग्र्यास पोहोचले ते त्या फौजेचे अवशेष होते. दक्षिणेच्या मोहिमेत कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा होड्या तयार करवून घेणाऱ्या आर्थर वेलस्लीने या माघारीची चिकित्सा केली. पावसाळ्यात भरणाऱ्या प्रत्येक नदीवर ठाणे व होड्या हव्यात, हा त्याने काढलेला एक महत्त्वाचा धडा होता. होळकरांच्या पराक्रमाचे श्रेय यत्किंचितही कमी न करता असे म्हणता येईल की, यशवंतरावांना नद्या कळत होत्या. मॉन्सनला त्या उशिरा कळल्या.

कातड्याचे दोष उघड होते. ते कुजते, वाळले की तडकते, शिवणीतून गळते. त्यावर उपाय निघाला तो रबराचा. १८२३ मध्ये मॅकिंटॉशने रबर लावलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती गवसली. पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश आरमारातील पीटर हॅल्केट या अधिकाऱ्याने एक अजब वस्तू केली. ती अंगावर घेतली तर डगला, भात्याने हवा भरली तर एका माणसाची होडी! हातातली छत्री शीड म्हणून वापरायची. आरमाराने तिला व्यवहारात उपयोगशून्य ठरवले. परंतु जॉन रे या संशोधकाने १८४६-४७ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत हॅल्केटची होडी वापरली आणि ती चांगली उपयोगी पडली. अशा होडीचा एक नमुना आजही ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आहे.

अमेरिकेत १८४३ मध्ये जॉन फ्रेमाँट ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात रबरी होडी घेऊन उतरला, तेव्हा मात्र घाईने चिकटवलेले सांधे सुटू लागले आणि एका माणसाला सतत भाता मारीत बसावे लागले. तरीही होडी बुडाली नाही, कारण हवेचे कप्पे वेगवेगळे होते.

‘कयाक’ हा शब्द मात्र ध्रुवप्रदेशातील इनुइट लोकांचा. वाहून आलेले लाकूड किंवा हाडे यांचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे, अशी ती शिकाऱ्याची एकट्याची नाव. तिच्यात हवा भरीत नसत. पण शिकारीच्या भाल्याला जोडण्यासाठी सीलचे फुगवलेले कातडे ते जवळ बाळगीत. १९०५ च्या सुमारास जर्मनीतील आल्फ्रेड हॉयरिख याने घडी घालता येणारी कयाक केली आणि १९०७ मध्ये योहान क्लेपर याने ती बाजारात आणली. १९३४ मध्ये वायुयाने बनवणाऱ्या झोडियाक या फ्रेंच कंपनीने हवेची कयाक तयार केली. आकाशात तरंगणारे कापड अशा रीतीने पाण्यावर उतरले. १९५२ मध्ये आलँ बोंबार या फ्रेंच वैद्याने सुमारे साडेचार मीटर लांबीच्या झोडियाक होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. १९ ऑक्टोबरला कॅनरी बेटांवरून निघून तो २३ डिसेंबरला बार्बाडोसला पोहोचला. जहाज फुटल्यावर माणूस हवेच्या नावेत जगू शकतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. हवाईच्या ऑड्री सदरलंड या बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर अलास्काचा किनारा हवेच्या कयाकमधून एकटीने वल्हवण्यास आरंभ केला आणि पुढील अनेक उन्हाळे तो क्रम चालू ठेवला. विमानाच्या सामानात मावते आणि एकट्या बाईला उचलता येते, ही त्यांची निवड करण्यामागची साधी कारणे होती.

हा इतिहास ध्यानात ठेवला तर आजची होडी निवडणे अवघड नाही. पहिला प्रश्न कप्प्यांचा. दोन बाजू आणि तळ असे किमान तीन स्वतंत्र कप्पे असावेत. एक फुटला तरी उरलेल्यांनी काठ गाठता यावा. दुसरा प्रश्न कापडाचा. पीव्हीसी स्वस्त पडते, हायपॅलॉन जातीचे कृत्रिम रबर उन्हाला अधिक टिकते, आणि नुसत्या पातळ प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या होड्या नदीसाठी नव्हेत. काही होड्यांच्या तळाला ‘ड्रॉप-स्टिच’ पद्धत असते. कापडाचे दोन थर आतून असंख्य धाग्यांनी बांधलेले असल्याने दाबाखालीही तळ फळीसारखा सपाट राहतो. गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये फुगवून उडवण्याचे छोटे विमान केले, त्यातही हेच तंत्र होते.

जोडणी करताना जागेवरचे काटे-खडे आधी वेचावेत, कप्पे उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने भरावेत आणि दाब मोजून पाहावा. गोल कप्प्यांना साधारण दोन ते तीन पौंड प्रति चौरस इंच दाब पुरतो. ड्रॉप-स्टिच तळाला त्याच्या कितीतरी पट लागतो. उन्हात भरलेली हवा थंड पाण्यात आकसते, म्हणून पाण्यात उतरल्यावर पुन्हा एकदा दाब पाहावा. उलट भरलेली होडी वैशाखाच्या उन्हात काठावर टाकली तर शिवण उसवू शकते. वाऱ्याला ही नाव हलकी पडते. इंदिरासागरासारख्या विस्तीर्ण जलाशयावर ती पालापाचोळ्यासारखी भरकटते. म्हणून तळाशी पंख लावावा, जाताना वाऱ्याच्या तोंडाला जावे आणि परतताना त्याची मदत घ्यावी. तरणजाकीट अंगात घातलेलेच असावे. होडीत ठेवलेले जाकीट हे नसल्यासारखेच. पुराच्या पाण्यात हौसेने उतरूच नये. घरी आल्यावर होडी धुऊन, पूर्ण सुकवून मगच घडी करावी.

ही शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल, म्हणून सेवाकाळातील एक अनुभव नोंदवतो. एका जिल्ह्याच्या भांडाराची आम्ही पावसाळ्यापूर्वी तपासणी केली. नोंदवहीत हवेच्या होड्यांची संख्या अचूक होती. प्रत्यक्षात त्या मागच्या पुरानंतर ओल्याच गुंडाळून ठेवलेल्या होत्या. घड्यांवर कापड चिरले होते, सांधे सुटले होते आणि पंप कोठे आहे हे कोणालाच सांगता येईना. पुराने त्या महिन्यात आम्हांस सवड दिली, म्हणूनच त्या होड्या दुरुस्त होऊ शकल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या महापुरात घरांच्या छपरांलगत फिरणाऱ्या हवेच्या होड्या दूरचित्रवाणीवर पाहताना आम्हांस ते भांडार आठवत राहिले.

निमरूदच्या भिंतीवरचा तो माणूस पोहता पोहता आपल्या नावेत फुंकर घालतो आहे. हवेच्या नावेचे इंगित एवढेच आहे. ती एकदा मिळवून भागत नाही. तिला पुन्हा पुन्हा श्वास द्यावा लागतो. महाराष्ट्राबाहेर दोन-अडीचशे वर्षे आपली भाषा सांभाळणाऱ्या कुटुंबांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. सांगड हा शब्द आपण जपलाच आहे. आता मुले नर्मदेवर, कृष्णेवर किंवा मांडवीवर होडी घेऊन निघाली, तर त्यांना अडवण्यापेक्षा आधी पोहायला शिकवावे आणि मग कप्पे मोजून पाहावेत.