कुत्र्याच्या पिल्लाचे चावणे आणि कुरतडणे

कुत्र्याच्या पिल्लाचे चावणे आणि कुरतडणे ही जन्मानंतरच्या पहिल्या सहा ते सात महिन्यांत आढळणारी स्वाभाविक वर्तणूक आहे. वस्तूंची ओळख करून घेणे, भावंडांशी खेळणे, दात येतानाचा त्रास कमी करणे आणि माणसाचे लक्ष वेधणे ही तिची प्रमुख कारणे होत. या वयातील चाव्यामागे सहसा राग नसतो. मात्र जबड्याचा जोर आवरण्याची सवय याच काळात लागते आणि ती लागली नाही तर मोठ्या कुत्र्याचा पहिलाच चावा खोल जखम करणारा ठरू शकतो. त्यामुळे पिल्लाला चावू न देण्याचे शिक्षण हा श्वानपालनातील सर्वांत आधी हाती घेण्याचा विषय मानला जातो.

दातांची वाढ

पिल्लू जन्मतः बोळके असते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत सर्व २८ दात येतात. त्यांत दाढा नसतात. हे दात सुईसारखे टोकदार असल्याने कमकुवत जबड्याचा चावाही झोंबतो. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे दात पडू लागतात, पाठोपाठ सुळे व उपदाढा बदलतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. पडलेले दात पिल्लू बहुधा गिळून टाकते. त्याने अपाय होत नाही. खेळण्यावर दिसणारे रक्ताचे बारीक ठिपकेही या काळात नेहमीचेच. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या जातींत कायमचा सुळा आल्यावरही दुधाचा सुळा पडत नाही, असे अनेकदा आढळते. असा दात पशुवैद्याकडून काढून घ्यावा लागतो.

चाव्यावरील ताबा

जबड्याचा जोर किती वापरावा, याचे पहिले धडे पिल्लाला आई आणि भावंडांकडून मिळतात. दूध पिताना दात लागले की कुत्री उठून निघून जाते. खेळताना एकाने जोरात चावले तर दुसरे केकाटते आणि खेळ थांबवते. जोरात चावले की दूधही जाते आणि सवंगडीही, हा अनुभव दिवसातून अनेकदा येत राहतो व पिल्लू आपोआप दात हलके लावू लागते.

अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पाच जातींवर प्रदीर्घ संशोधन केले व ते १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिक वर्तन घडण्याच्या दृष्टीने विशेष संवेदनशील असतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही आधारभूत मानला जातो. भारतात श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही. व्यवहारात मात्र चार-पाच आठवड्यांची पिल्ले आणली जातात. रस्त्यावरची पिल्ले तर आई अपघातात गेल्यावर त्याहूनही लहान वयात माणसाच्या घरी येतात. अशा एकट्या पिल्लाला भावंडांचा धडा अर्धवटच मिळालेला असतो आणि उरलेला भाग घरातील माणसांना शिकवावा लागतो. लस घेतलेल्या, सौम्य स्वभावाच्या मोठ्या कुत्र्याचा सहवास मिळाल्यास हे काम बरेच सोपे होते.

ब्रिटिश वंशाचे पशुवैद्य व प्रशिक्षक इयन डनबार यांनी १९८० च्या दशकापासून या शिक्षणाचा एक विशिष्ट क्रम रूढ केला: आधी चाव्याचा जोर कमी करायचा आणि मग चावण्याचे प्रमाण. पिल्लाला पहिल्या दिवसापासून तोंड लावूच दिले नाही, तर आपल्या जबड्याची ताकद त्याला कळतच नाही, असा त्यामागील विचार आहे. शेपटीवर पाय पडला किंवा दुखऱ्या पायाला हात लागला, तर शांत कुत्राही झडप घालतो. ताबा शिकलेल्या कुत्र्याचे दात अशा वेळी बहुधा कातडीला स्पर्शून थांबतात. न शिकलेल्याचे रुततात. लहान मूल असलेल्या घरात हा फरक निर्णायक ठरतो. चावरा ठरलेला कुत्रा साखळीला जखडला जातो किंवा दूर नेऊन सोडला जातो, म्हणजे या त्रुटीची किंमत त्यालाही मोजावी लागते.

घरातील शिक्षण

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे खेळ थांबवणे. दात लागताच हात झटकून ओढून घेऊ नये, कारण पळणारी वस्तू पकडण्याची ओढ पिल्लात उपजत असते. हात स्थिर ठेवून, काही न बोलता उठावे, पाठ फिरवावी आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा शांतपणे खेळ सुरू करावा. पिल्लाला दीर्घकाळ कोंडून ठेवल्याने काही साधत नाही. थोड्याच वेळात शिक्षेचा आणि चाव्याचा संबंध त्याच्या लेखी तुटतो. भावंडाप्रमाणे ‘आई गं’ असे ओरडण्याचा सल्लाही दिला जातो. काही पिल्ले त्याने थबकतात, तर काही अधिकच चेकाळतात, म्हणून हा उपाय सरसकट लागू पडत नाही. हाताऐवजी तोंडात धरण्याजोगे खेळणे पुढे करणे आणि ते धरल्यावर कौतुक करणे, हे त्याला पूरक ठरते.

जमिनीवर लोळणारा साडीचा पदर, ओढणी किंवा धावणाऱ्या मुलाची टाच पिल्लाला हमखास खेळायला बोलावते. मुलांनी अशा वेळी किंचाळत पळण्याऐवजी झाडासारखे स्तब्ध उभे राहावे आणि पिल्लाबरोबर त्यांना एकटे सोडू नये. संध्याकाळी पिल्लू अचानक पिसाटल्यासारखे धावू व चावू लागले, तर त्याला खेळाची नव्हे तर बहुधा झोपेची गरज असते. घरातील एकाने खेळ थांबवायचा आणि दुसऱ्याने बोटे चावायला द्यायची, असे चालल्यास शिक्षण लांबते. घराघरांतून शिक्षण रखडण्याचे हेच सर्वांत सामान्य कारण असावे.

शिक्षेविषयीचे मतभेद

नाकावर चापट मारणे, तोंड दाबून धरणे किंवा पिल्लाला उताणे पाडून दाबून ठेवणे हे उपाय एकेकाळी सर्रास सांगितले जात. बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून आलेली ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना त्यांच्या मुळाशी होती. न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्कीट मठाच्या साधूंनी १९७८ साली लिहिलेल्या लोकप्रिय पुस्तकात उताणे पाडण्याच्या उपायाचा पुरस्कार होता. २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तो मागे घेतला. रानातील लांडग्यांचा कळप हे बहुधा आईबाप व त्यांच्या पिल्लांचे कुटुंबच असते, हे संशोधक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली दाखवून दिले. माराने पिल्लू हाताला घाबरू लागते. गुरगुरण्याबद्दल शिक्षा झाल्यास ते इशारा देणेच सोडते आणि पुढे न गुरगुरता चावते.

कुरतडणे

कुरतडण्याची गरज थांबवता येत नाही. तिला योग्य वस्तूकडे वळवावे लागते. टणक रबराची पोकळ खेळणी, ओला करून गोठवलेला फडका किंवा थंडगार गाजर यांनी हिरड्यांना आराम मिळतो. जुनी चप्पल खेळायला देणे ही मात्र हमखास चूक होय, कारण जुन्या व नव्या चपलेतील फरक पिल्लाला कळत नाही. नखाने दाबूनही खूण न उमटणाऱ्या अतिकठीण वस्तूंनी दाढ तडकू शकते. शिजवलेल्या हाडाच्या किरचा आतड्याला इजा करतात. विजेच्या वायरी, आतडे अडवणारे मोजे, डांबरगोळ्या, उंदीर मारण्याचे औषध, चॉकलेट, झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे च्युइंगगम आणि अंगणातील कण्हेर या जिवावर बेतणाऱ्या गोष्टी आहेत. त्या पिल्लाच्या आवाक्याबाहेर ठेवणे हाच त्यावरील उपाय.

रेबीजचा धोका

पिल्लाला रेबीजची (अलर्क रोगाची) लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. म्हणजे ते सर्वाधिक चावते त्या काळात त्याला लसीचे संरक्षण नसते. लहान पिल्लालाही हा रोग होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून रस्त्यावरून आणलेल्या किंवा लस न झालेल्या पिल्लाचा दात अथवा नख लागून ओरखडा उठल्यास, रक्त आले नसले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लसीबाबत निर्णय घ्यावा.