डिस्पोझलचा माल आणि छांदिष्टाचे यंत्र

१९४५ साली दुसरे महायुद्ध थांबले तेव्हा विजयी राष्ट्रांपाशी कीर्तीबरोबर आणखी एक गोष्ट अमाप उरली होती, ती म्हणजे सामान. रेडिओ संच, रडारची यंत्रे, लहानमोठ्या मोटरी, ट्रान्सफॉर्मर यांचे ढीगच्या ढीग सरकारांनी मातीमोलाने विकावयास काढले. लंडनची लाइल स्ट्रीट, न्यूयॉर्कच्या कोर्टलंड स्ट्रीटभोवतीची 'रेडिओ रो' आणि टोकियोतील अकिहाबारा ही ठिकाणे छांदिष्टांची तीर्थक्षेत्रे होऊन बसली. आपल्याकडे 'डिस्पोझलचा माल' हा शब्द याच मालाबरोबर रुळला.

घरी हौसेने एखादे मोटरीवर चालणारे यंत्र बांधावयाचे, तर यंत्राचा सांगाडा हाताने करता येतो. परंतु मोटरीला वीज कोठून आणि कोणत्या रूपात द्यावयाची, हा प्रश्न सुटल्यावाचून ते हलत नाही. स्वस्त मालाची खरी परीक्षा येथेच होई. विमानातील साहित्यावर ११५ व्होल्ट लिहिलेले असे, पण सेकंदाला ४०० आवर्तने ही बारीक अक्षरांतली नोंद घेणाऱ्याच्या नजरेतून निसटे. आवर्तने जितकी अधिक, तितके ट्रान्सफॉर्मरमधील लोखंड कमी लागते. विमानात प्रत्येक शेराचा हिशेब असल्यामुळे तेथे ते योग्यच होते. तोच ट्रान्सफॉर्मर घरच्या ५० आवर्तनांच्या विजेवर लावला, तर त्याचे लोखंड चुंबकीय दृष्ट्या तुडुंब भरते, वेटोळ्यांतला प्रवाह भलताच वाढतो आणि थोड्याच वेळात व्हार्निशचा वास येऊ लागतो.

मोठ्यांनीही हाच बाजार केला. बर्नार्ड लव्हेल यांनी १९४५ च्या डिसेंबरात जोड्रेल बँक येथे सैन्याच्या टाकाऊ रडारवर काम आरंभले, आणि १९५७ साली उभ्या राहिलेल्या २५० फूट व्यासाच्या दुर्बिणीची तबकडी कलविणारे दंतपट्टे मोडीत निघालेल्या दोन युद्धनौकांच्या तोफांच्या बुरुजांतून आले. या नौका म्हणजे 'रॉयल सॉव्हरिन' आणि 'रिव्हेंज'.

युद्धाचा माल संपल्यावर दुसरा पूर आला तो संगणकांचा. इंटेलने १९९५ साली 'एटीएक्स' हा साचा ठरवून दिला, आणि पुढे जुन्या संगणकांबरोबर त्यांचे विद्युत्-पुरवठेही भंगारात येऊ लागले. इंग्लंडातील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ साली 'रेपरॅप' हा त्रिमिती छपाईच्या यंत्राचा प्रकल्प मांडला, तेव्हा असंख्य हौशी मंडळींनी असलेच पुरवठे त्या यंत्रांना जोडले. त्यामागून सर्व्हरमधील, शेकडो वॉटचे, १२ व्होल्टचे भक्कम पुरवठे बाजारात आले.

किंमत पाहिली तर हे सारे सोने. पण मोटरीची भूक निराळी असते. स्टेपर मोटरीच्या वेटोळ्यात प्रवाह एकदम शिरत नाही, वेटोळे त्याला विरोध करते. यंत्र वेगाने पळवावयाचे असेल तर अधिक व्होल्टचा रेटा हवा. १२ व्होल्टवर तीच मोटर वेग वाढताच बळ गमावून अडखळते. मग कोणी दोन सर्व्हर-पुरवठे ओळीने जोडून २४ व्होल्ट करावयास जातो. बहुतेकांत ऋण टोक पेटीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेले असते. दोन पेट्या एकमेकींना टेकल्या किंवा दोन्ही अर्थिंगला लागल्या की एका पुरवठ्याचे शॉर्टसर्किट होते. अर्थिंग तोडून हा पेच सोडविणारे शहाणे मी पाहिले आहेत. त्या शहाणपणात जिवाचा धोका आहे.

माझ्याही लाकूड कोरण्याच्या यंत्राला मी एक जुना पुरवठा वजनावर घेतला होता. कोरणी संथ चाले तोवर सर्व ठीक; परंतु जड चौकट वेगाने धावून एकदम थांबली की पुरवठा मिटून जाई, आणि शिसवीचा चांगला तुकडा वाया जाई. कारण ध्यानात यावयास बराच काळ लागला. थांबणारी मोटर क्षणभर जनित्र होते व वीज उलट पाठविते. व्होल्ट वाढलेले दिसताच नव्या पद्धतीचा पुरवठा आत्मरक्षणार्थ बंद होतो.

अखेर मी जुन्या वळणाकडे गेलो: जड ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठा कंडेन्सर. २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून भार नसताना सुमारे ३२ व्होल्ट मिळतात, कारण कंडेन्सर लाटेच्या शिखरापर्यंत, म्हणजे १.४१४ पटीपर्यंत भरतो, आणि रेक्टिफायर दोनेक व्होल्ट खातो. उलट आलेली वीज तो कंडेन्सर निमूटपणे पोटात घेतो. मात्र बटण मिटविल्यावरही तो भरलेलाच राहतो. म्हणून त्याच्या दोन टोकांवर एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला आहे, आणि पेटी उघडण्यापूर्वी मी मीटर लावून पाहतो.