पहिल्यांदाच क्रूझवर जाताय? शिरूर-दौंडहून निघण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात

कोकणातल्या माणसाला बोट नवी नाही. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीला जाणाऱ्या प्रवासी बोटींच्या आठवणी तिथल्या घराघरांत आजही सांगितल्या जातात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बहुतेकांचा बोटीशी संबंध मात्र भिगवणला फ्लेमिंगो बघायला होडीत बसण्यापुरताच. आता मोबाईलवर क्रूझच्या रील्स दिसू लागल्या आहेत आणि लग्नाचा वाढदिवस, निवृत्ती किंवा मुलांची सुट्टी या निमित्ताने अनेक कुटुंबे पहिल्यांदाच जहाजाचे तिकीट काढू लागली आहेत. चार जणांच्या कुटुंबासाठी हा खर्च लहान नाही, आणि त्यातला बराचसा पैसा वाया जातो तो समुद्रामुळे नव्हे, तर तयारी कमी पडल्यामुळे.

क्रूझ म्हणजे नेमके काय?

क्रूझ म्हणजे तरंगते हॉटेल. राहण्याची खोली (केबिन), जेवण, करमणुकीचे कार्यक्रम आणि प्रवास हे सगळे एकाच तिकिटात येते. मुंबईहून भारतीय प्रवाशांसाठी कॉर्डेलिया क्रूझेसची सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. या कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये बांधलेले आहे. मुंबईहून एक-दोन रात्रींच्या समुद्रफेऱ्या, गोवा आणि लक्षद्वीप अशा सहली होत आल्या आहेत. जहाज सुटते ते बॅलार्ड पिअर येथून. तिथे २०२५ मध्ये नवे मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले.

कोणत्या महिन्यात जावे?

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत बरा, कारण समुद्र त्या मानाने शांत असतो. अडचण अशी, की ऊसपट्ट्यात हेच महिने गाळप हंगामाचे असतात. तोडणीची तारीख ऐन वेळी पुढे-मागे होते आणि क्रूझचे तिकीट मात्र तारखेला बांधलेले असते. शेतकरी कुटुंबांनी तिकीट काढण्याआधी तिकीट रद्द करण्याचे नियम नीट वाचावेत. प्रवासाची तारीख जवळ येते तशी परत मिळणारी रक्कम कमी होत जाते आणि शेवटच्या दिवसांत बहुधा काहीच मिळत नाही.

जाहिरातीतली किंमत आणि खरी किंमत

जाहिरातीत दिसणारा आकडा सहसा ‘एका व्यक्तीसाठी, दोघांनी एक केबिन वापरल्यास’ असा असतो. त्यावर जीएसटी, बंदर शुल्क आणि काही ठिकाणी सेवाशुल्क लागते. एकटा माणूस गेला तर त्याला जवळपास दोघांचे भाडे पडू शकते.

- तिकिटात सहसा येते: केबिन, मुख्य उपाहारगृहातले जेवण, जलतरण तलाव, बहुतेक कार्यक्रम.
- वेगळे पैसे लागतात: मद्य, काही शीतपेये, खास उपाहारगृहे, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरची सहल, जहाजावरचे डॉक्टर.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला एक कार्ड मिळते. केबिनचे दार त्यानेच उघडते आणि खर्चही त्यावरच नोंदवला जातो. लहान मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, हे पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात विचारावे.

केबिन कोणती घ्यावी?

सर्वांत स्वस्त केबिन आतल्या बाजूची असते आणि तिला खिडकी नसते. त्यानंतर खिडकीची आणि मग बाल्कनीची. दिवसभर बाहेरच फिरायचे असेल तर आतली केबिन पुरते. मात्र बंद जागेत ज्यांचा जीव घुसमटतो त्यांच्यासाठी खिडकीचे जास्तीचे पैसे द्यावेत. तिसरा आणि चौथा पलंग बहुतेक वेळा वरचा असतो. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना तो चढता येत नाही, म्हणून खालचे पलंग कोणाला हे आधीच ठरवावे. मळमळीचा त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

कागदपत्रे

देशांतर्गत सहलीसाठी आधार कार्डासारखे सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात लागते. मोबाईलमधला फोटो चालेल असे गृहीत धरू नये. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर बदललेले आडनाव किंवा वडिलांच्या नावाचा गाळलेला भाग यावरून बंदरावर खोळंबा होऊ शकतो. निघण्याआधी वेब चेक-इन करून बोर्डिंग पास छापून घ्यावा.

लक्षद्वीपसाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देणार का, हे विचारून घ्यावे.

परदेशी क्रूझसाठी पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध असावा. शिरूर-दौंडकरांसाठी पुण्यात मुंढव्याला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पोलीस पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होते, त्यामुळे दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. सिंगापूरहून सुटून परत सिंगापूरला येणाऱ्या जहाजासाठी एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, कारण परत येणे हा दुसरा प्रवेश असतो.

बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांपुढील गर्भवतींना आणि ६ महिन्यांखालील बाळांना जहाजावर घेत नाहीत.

बंदरापर्यंत पोहोचायचे कसे?

सर्वांत मोठा धोका इथेच आहे. एसटी चुकली तर दुसरी मिळते, पण जहाज कोणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या बरेच आधी प्रवेश बंद होतो.

दौंडहून रेल्वे सोयीची. मुंबई सुमारे २७० किलोमीटर आहे. सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर दौंडला येते आणि सकाळी सीएसएमटीला पोहोचते. स्टेशनपासून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच आहे. रात्री बारानंतरच्या गाडीचे आरक्षण करताना तारीख पुढच्या दिवसाची असते, हे विसरल्याने अनेकांची गाडी चुकते.

शिरूरला रेल्वे नाही. रस्त्याने मुंबई सुमारे २२० किलोमीटर. शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली आणि पुढे बोरघाट, यांपैकी कुठेही दोन तास अडकायला होऊ शकते. शनिवार-रविवारला जोडून सुटणाऱ्या जहाजासाठी आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामी जाणे शहाणपणाचे. एका रात्रीच्या लॉजचे भाडे बुडालेल्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी असते. परतताना जहाज सकाळी लागले तरी उतरायला वेळ जातो, म्हणून परतीची गाडी दुपारनंतरचीच असावी.

बॅगेत काय घ्यावे?

मोठी बॅग बंदरावरच जमा होते आणि केबिनमध्ये काही तासांनी येते. त्यामुळे रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्रे, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा.

- न घसरणाऱ्या चपला किंवा बूट. डेक ओले असतात.
- शाल किंवा स्वेटर. आत वातानुकूलन आणि बाहेर वारा असतो.
- पोहण्याचा पोशाख. साडी, सलवार-कमीज किंवा सुती कपड्यांवर तलावात उतरू देत नाहीत.
- प्लगसाठी अडॅप्टर. परदेशी बनावटीच्या जहाजांवर सॉकेट वेगळे असू शकतात.

इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती आणि मद्य नेता येत नाही, कारण जहाजावर आग हा सर्वांत मोठा धोका मानला जातो. घरचे धपाटे-चटणीही बहुधा आत नेऊ देत नाहीत. भारतीय क्रूझवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. उपवास किंवा मधुमेहाचे पथ्य असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावे.

बोट लागली तर?

पहिल्या रात्री डोके गरगरणे, मळमळणे स्वाभाविक आहे. डेकवर मोकळ्या हवेत जाऊन दूर क्षितिजाकडे बघावे, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब ठेवू नये, मोबाईलकडे बघत बसू नये. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते. म्हणून आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असतील तर.

सुरक्षा कवायत टाळू नये

जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला जमण्याची जागा आणि लाइफ जॅकेट दाखवले जाते. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. काही प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. हा इशारा मुलांनाही शिकवावा.

मोबाईल आणि किनाऱ्यावरची सहल

किनारा दूर गेला की साधे नेटवर्क जाते. जहाजावरचे उपग्रह नेटवर्क फोनने पकडले तर मोठे बिल येऊ शकते, म्हणून फोन विमान मोडवर ठेवावा. घरच्यांना तसे आधीच सांगून ठेवले की फोन लागला नाही तरी काळजी वाटत नाही.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर, तर कळंगुट-बागा आणखी दूर. परत येण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळावी. उशीर झाला तर पुढचा प्रवास स्वखर्चाने करावा लागतो. लक्षद्वीपला मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. लहान होडीत उतरावे लागते आणि ते वयस्करांना अवघड जाऊ शकते.

बुकिंगमधली फसवणूक

‘अर्ध्या किमतीत क्रूझ’ अशा जाहिरातींतून वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पैसे मागितले जात असतील तर थांबावे. बुकिंग क्रमांक मिळाल्यावर तो थेट क्रूझ कंपनीकडे पडताळून घ्यावा आणि जीएसटीसह पावती मागावी. फसवणूक झालीच तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.