चाकण

महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील औद्योगिक शहर व इतिहासप्रसिद्ध ठाणे. लोकसंख्या सुमारे ४१,००० (२०११). पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किमी. वर पुणे–नाशिक महामार्गावर ते वसले असून, तळेगावहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता येथील तळेगाव चौकात या महामार्गाला छेदतो. इंद्रायणी व भामा या नद्यांच्या खोऱ्यांलगतचा हा पठारी मुलूख पश्चिमेकडे मावळातील डोंगररांगांपर्यंत चढत जातो. जुन्नर–पुणे वाटेवर आणि घाटांच्या पाठीशी असलेल्या या ठाण्यावर ताबा ठेवणे प्रत्येक राजवटीला अगत्याचे वाटले.

येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला असल्यामुळे त्याचे संरक्षण तटबुरूज व सभोवतालचा पाण्याचा खंदक यांवरच अवलंबून होते. जून १६६० मध्ये शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने लहानशा शिबंदीनिशी भर पावसाळ्यात सुमारे दोन महिने तो झुंजवला; अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग उडवला व तटाला खिंडार पडल्यावर किल्ला त्यांच्या हाती गेला. आज त्याचे अवशेषच उरले आहेत.

कांद्याची बाजारपेठ म्हणून चाकणची जुनी ख्याती आहे. पिंपरी–चिंचवडमधील कारखानदारीला जागा अपुरी पडू लागल्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी आदी गावांच्या परिसरात टप्प्याटप्प्याने भूसंपादन केले. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ महिंद्रही आली आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे भोवती विणले गेले.

प्रशासनाची घडी मात्र या वाढीच्या मागून बसत गेली. नगरपरिषद २०१५ मध्ये स्थापन झाली. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाला येथे हिंसक वळण लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला कार्यान्वित झालेल्या पिंपरी–चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत चाकण आले. अवजड वाहने, कंपन्यांच्या बसगाड्या व शेतमालाचे टेम्पो एकाच चौकातून जात असल्याने होणारी वाहतूककोंडी ही शहराची मोठी समस्या आहे. ज्या गावांनी जमिनी दिल्या आणि जे कामगार परमुलुखातून येथे आले, त्यांना रस्ते, पाणी व घरे पुरवणे हीच चाकणच्या विकासाची खरी कसोटी होय.