हरण, संवाद आणि टक्केवारी

वाङ्मयचौर्य हा आधुनिक विद्यापीठांनी जन्माला घातलेला दोष आहे, असा समज रूढ आहे. मुद्रण व स्वामित्वहक्काचा कायदा ह्यांमुळे त्याला दंडनीय रूप आले, हे खरे. तथापि दुसऱ्याच्या शब्दार्थांच्या उचलीची मीमांसा संस्कृत काव्यशास्त्राने हजार वर्षांपूर्वीच केली होती. आणि ती आजच्या संशोधनव्यवहारावरही प्रकाश टाकते.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्याला ‘संवाद’ म्हटले. हे साम्य प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे किंवा दोन देहधारी व्यक्तींमधील सारखेपणासारखे असू शकते. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण तेथे साम्य असूनही प्राण स्वतंत्र असतो. साम्य म्हणजेच चौर्य नव्हे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

‘महाराष्ट्रचूडामणी’ अकालजलदाच्या वंशातील व कनौजच्या दरबारी असलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण व अर्थहरण ह्यांसाठी अकरा ते तेरा हे अध्याय खर्ची घातले. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, वाणीची चोरी मात्र नातवंडांपर्यंत पुसली जात नाही, हे मत तो नोंदवतो. त्यालगतच पत्नी अवंतिसुंदरीचे मत येते. मूळ कर्ता अप्रसिद्ध आहे व आपण प्रसिद्ध आहोत; त्याच्या भाषेला मान नाही; ती रचना जाणणारे हयात नाहीत; कर्ता दूरदेशीचा आहे: अशा कारणांनी कवीने हरणात खुशाल रमावे, असे ती म्हणते. ही यादी उपरोधाची की व्यवहाराची, ह्यावर वाद संभवतो. परंतु हरण हे प्रतिष्ठेच्या उतारावरून घडते, एवढे तिच्यातून निःसंशय दिसते.

ह्या विषमतेचा प्रश्न विसाव्या शतकात कलकत्त्यात उभा राहिला. जदुनाथ सिन्हा ह्यांनी 1929 च्या जानेवारीत ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधून असा आरोप केला की, सर्वपल्ली राधाकृष्णन ह्यांच्या ‘इंडियन फिलॉसॉफी’च्या दुसऱ्या खंडात आपल्या अप्रकाशित प्रबंधातील मजकूर आला आहे. राधाकृष्णन ह्यांनी तो नाकारला. दोघांचे आधारग्रंथ एकच असल्याने साम्य स्वाभाविक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाच्या मते हे हरण होते, दुसऱ्याच्या मते संवाद. परस्परांवर दावे झाले आणि 1933 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. न्यायालयाचा निर्णय न आल्याने कोणालाही दोषी ठरवणे अनुचित होय. परंतु एका बाजूस विख्यात प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूस तुलनेने अपरिचित संशोधक असता, हरण व संवाद ह्यांतील भेद पारखणारी यंत्रणा विद्याक्षेत्रापाशी नव्हती, हे त्यातून उघड झाले.

अशी यंत्रणा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी दिली. त्यांच्या व्याख्येत दुसऱ्याच्या कल्पनेची उचलही चौर्यच आहे. दंडाच्या पायऱ्या मात्र साम्याच्या टक्केवारीवर बेतलेल्या आहेत: 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, 60 टक्क्यांपर्यंत वर्षभर प्रतिबंध, त्यापुढे नोंदणी रद्द. म्हणजे व्याख्या अर्थहरणाची, मोजमाप शब्दहरणाचे. परभाषेतील ग्रंथाचे प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावे छापले, तर शब्द जुळत नाहीत व टक्केवारी शून्याकडे झुकते. विद्यार्थ्याची कल्पना मार्गदर्शकाच्या लेखात गेली, तर ती मोजण्याचे साधनच नाही. उलट, एकाच पोथीवर प्रामाणिकपणे काम करणारे दोन अभ्यासक संशयास पात्र ठरू शकतात.

राजशेखराला अभिप्रेत असलेला परीक्षक हा दोन्ही रचना वाचलेला भावक होता. त्याची जागा यंत्राने घेतली, ह्यात वाचनाचा कंटाळा दडला आहे. प्रबंध वाचणारा परीक्षक जोवर दुर्मीळ आहे, तोवर अवंतिसुंदरीच्या यादीतील प्रत्येक सबब विद्यापीठात सुरक्षित आहे.