सेलविना विजेरी

आपल्याकडे विजेरीलाच 'बॅटरी' म्हणतात, इतके तिचे आणि सेलचे नाते घट्ट. पण सेल न घालता, नुसती हातात धरून हलविली की पेटणारी विजेरी विसावे शतक सरता सरता आली. तिच्या पोटातील कल्पना मात्र १८३१ सालची आहे.

मायकेल फॅरडे (जन्म १७९१) हा एका इंग्रज लोहाराचा मुलगा. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती बांधून त्यांनाच पाठविली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळविली. त्याला गणित फारसे येत नव्हते. भरवसा सारा हातावर आणि डोळ्यांवर.

वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले होते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? जिनिव्हाच्या कोलाडोंने १८२५ मध्ये तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नेऊन पाहिला. चुंबकाचा थेट परिणाम नको म्हणून त्याने गॅल्व्हनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. तो तिकडे पोहोचेपर्यंत सुई पुन्हा शून्यावर! शोध दाराशी येऊन परत गेला.

१७ ऑक्टोबर १८३१ रोजी फॅरडेने वेटोळ्यात लोहचुंबक झटकन खुपसला. सुई हलली. चुंबक आत स्थिर राहताच सुई जागेवर आली. बाहेर ओढताच उलट दिशेला हलली. वीज चुंबकाच्या नुसत्या असण्यात नव्हती, त्याच्या हालचालीत होती. अमेरिकेत जोसेफ हेन्रीही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचला होता. पण फॅरडेचे निष्कर्ष आधी जाहीर झाले.

हलवायची विजेरी म्हणजे हाच प्रयोग नळीत बसविलेला. चुंबक नळीत मागेपुढे घसरतो, भोवतालच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. तिची दिशा सतत पालटते, म्हणून चार डायोडांचा सेतू तिला एकाच दिशेला वळवितो. पुढे ती कंडेन्सरमध्ये साठते.

खरी अडचण या साठवणीचीच होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये फिलिप्सची मुठीने दाबायची डायनॅमो विजेरी लोक वापरीत. पण हात थांबला की उजेड संपे. जुने कंडेन्सर मायक्रोफॅरडचे, म्हणजे फॅरडच्या दशलक्षांश मापाचे, आणि बल्बची तार खादाड. १९७० च्या दशकात फॅरडच्या मापाचे कंडेन्सर बाजारात आले, आणि १९९० च्या दशकात निळ्या एल.ई.डी.मुळे अल्प विजेवर पांढरा प्रकाश मिळू लागला. तेव्हा कुठे ही विजेरी जमली. कंडेन्सरचे माप फॅरडेच्याच नावाचे असावे, हाही सुंदर योग!

तरीही हिशेब चुकत नाही. एक फॅरडचा कंडेन्सर तीन व्होल्टपर्यंत भरला तर त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा मावते, म्हणजे एक किलोचे वजन अर्ध्या मीटरच्या आतबाहेर उचलण्याइतकी. तेवढ्यावर लहानसा एल.ई.डी. मिनिट-दोन मिनिटे जळतो. मग पुन्हा हलविणे आले. निसर्ग उधारी देत नाही. मुलांना सूत्र पाठ करायला लावण्याआधी ही नळी त्यांच्या हाती द्यावी. उजेडासाठी कोणाचा तरी हात श्रमतो, हे त्यांच्या मनगटालाच कळेल.